गणित राहिलं

(दिवेआगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दिवेआगरात शब्दांविषयी बोलायला उभं राहिलं की मनावर दडपण येतं. या गावचा शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीच्या अगदी जुन्या लेखांमध्ये गणला जातो. तांब्यावर अक्षर कोरणाऱ्याला शब्द जपून वापरावा लागतो, कारण एकदा घाव पडला की तो खोडता येत नाही. आज ज्या शब्दाविषयी बोलायचं आहे, तोही असाच उमटतो आणि पुसता पुसला जात नाही. शब्द मूळचा इंग्रजी आहे, पण आता तो मराठी घरांत, दवाखान्यांत, गॅरेजात आणि शाळेच्या व्हरांड्यात मराठीच होऊन वावरतो. तो शब्द म्हणजे ‘फेल’.

हा विषय मी निवडला त्याला कारण आहे. १९७८ साली मी दहावीला बसलो आणि गणितात गेलो. निकालाच्या दिवशी घरी आलो तेव्हा आत्या मागच्या दारी सुपाऱ्या सोलत बसली होती. मी म्हटलं, “आत्ये, मी नापास झालो.” तिनं आडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, “सगळ्यात?” म्हटलं, “नाही, गणितात.” ती म्हणाली, “मग गणित राहिलं म्हण की. बाकीचं झालं ना?” आणि तिनं आडकित्ता परत हातात घेतला. त्या वेळी मला तिचा राग आला होता. माझं एवढं मोठं दुःख तिनं दोन शब्दांत गुंडाळून ठेवलं असं वाटलं. ते दोन शब्द किती नेमके होते, हे मला, ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे, त्या सरांच्या वर्गात कळलं.

त्या ऑक्टोबरला मी पुन्हा बसणार होतो. तोवर इंग्रजी मागे पडू नये म्हणून सर आम्हां सात-आठ जणांना संध्याकाळी शिकवायचे. एका संध्याकाळी त्यांनी फळ्यावर दहा इंग्रजी वाक्यं लिहिली. दहाही वाक्यांत क्रियापद एकच होतं, फेल. सर म्हणाले, “उद्या दहाचं मराठी करून आणा. दोन शब्द वापरायचे नाहीत. एक फेल आणि दुसरा नापास.” आज मी जे बोलणार आहे ते त्या दहा वाक्यांचंच उत्तर आहे. ते शोधायला मला चाळीसहून अधिक वर्षं लागली.

*

आधी या क्रियापदाचं मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘फालेरे’ असं एक क्रियापद होतं. त्याचा अर्थ फसवणं, पाय घसरवणं, दगा देणं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फायीर’ आलं आणि नॉर्मन राजवटीनंतर ते इंग्रजीत शिरलं. इंग्रजीतले खोटं, दोष, तर्कातली चूक यांसाठीचे ‘फॉल्स’, ‘फॉल्ट’, ‘फॅलसी’ हे शब्द याच कुळातले. इंग्रजीत आल्यावर या क्रियापदाचा मुख्य अर्थ होता अपुरं पडणं, संपत येणं, कमी पडणं. पाणी कमी पडलं, धान्य संपलं, अंगातली ताकद ओसरली, दिवस मावळताना उजेड कमी झाला, या सगळ्यांना ते चालायचं. परीक्षेला बसलेल्या माणसाशी त्याचा संबंध त्यानंतर शेकडो वर्षांनी आला. म्हणजे आज जो अर्थ आपल्याला सगळ्यांत आधी आठवतो, तो त्या शब्दाचा बराच धाकटा अर्थ आहे.

आता मराठीकडे या. ‘पावसानं दगा दिला’, ‘ऐनवेळी गुडघ्यांनी दगा दिला’, ‘आठवण दगा देते’ असं आपण म्हणतो. लॅटिन माणसाच्या डोक्यात जी उपमा होती तीच आपल्या शेतकऱ्याच्याही डोक्यात आहे. ज्याच्यावर भरवसा ठेवला त्यानं फसवलं, असं दोघांनाही वाटलं. ‘बेत फसला’ हे तर अगदी शब्दाला शब्द जुळणारं आहे. फसणं म्हणजे फसवलं जाणं आणि फसणं म्हणजे यशस्वी न होणं, हे दोन्ही अर्थ मराठीनं एकाच क्रियापदात ठेवले. रोम आणि कोकण यांच्यामध्ये एवढा समुद्र पसरलेला असूनही निराश झालेला माणूस दोन्हीकडे सारखाच बोलला.

पण यापुढे दोन वाटा वेगळ्या होतात. इंग्रजीनं न जमलेल्या सगळ्या गोष्टी या एका क्रियापदाखाली आणल्या. ब्रेक, पीक, बँक, मूत्रपिंड, लग्न, विद्यार्थी, सगळ्यांना एकच क्रियापद. यात इंग्रजीची सोय आहे आणि ती कमी लेखण्याचं कारण नाही. मराठीनं मात्र हे काम धंद्याधंद्यांत वाटून दिलं. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला. अशा शब्दापाशी आलं की कोशकाराला एक मराठी शब्द देऊन भागत नाही, शब्दांची रांग द्यावी लागते.

सरांच्या वर्गात दुसऱ्या दिवशी तशीच रांग लागली.

*

पहिलं वाक्य गाडीच्या ब्रेकचं होतं. एका मुलाचे काका एस.टी.त होते. तो म्हणाला, “ब्रेक लागेनात.” दुसरं पिकाचं. बागायतदाराचा मुलगा म्हणाला, “कसलं पीक ते सांगा. भात असेल तर बुडालं. आंबा असेल तर मोहोर गळला किंवा करपला. कलम असेल तर लागलं नाही.” सरांनी तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली. तिसरं बँकेचं होतं. सगळे एकदम म्हणाले, “बुडाली.” चौथं म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांचं. एक मुलगी म्हणाली, “नजर अधू झाली.” दुसरी म्हणाली, “आमच्याकडे नजर गेली म्हणतात.”

त्या दिवसापासून मला या क्रियापदांची गोडी लागली. पुढे गावोगाव हिंडताना मी ती ऐकत गेलो. विहीर आटते. बोअर कोरडी लागते. मोटार जळते, फ्यूज उडतो, बल्ब जातो, बॅटरी उतरते, इंजिन बसतं. विरजण लागत नाही, दूध नासतं, पाक बिघडतो. तुमच्या गावात घरोघरी उकडीचे मोदक होतात. उकड नीट झाली नाही तर मोदक फुटतात. नेम हुकतो, वाट चुकते, धीर सुटतो, कंबर खचते, कर्ज थकतं. सुपारीच्या बागेत पावसाळ्यात कोळेरोग आला की फळ गळतं. शेजारच्या भरडखोलच्या मच्छीमारांना सांगायला नको, कधी कधी जाळं रिकामं येतं.

ही यादी मी हौसेनं वाचलेली नाही. तिच्यात एक शहाणपण आहे. यातलं प्रत्येक क्रियापद काय बिघडलं ते सांगतं आणि ते सांगताना पुढे काय करायचं हेही सांगतं. फ्यूज उडाला असेल तर तार बदला. बॅटरी उतरली असेल तर चार्ज करा. नेम हुकला असेल तर पुन्हा धरा. वाट चुकली असेल तर मागे फिरा. विरजण लागलं नसेल तर भांडं उबेला ठेवा. फळ गळत असेल तर पावसाआधी बोर्डो मिश्रणाची फवारणी चुकली होती का ते बघा, म्हणजे पुढच्या वर्षी ती चुकणार नाही. कलम लागलं नसेल तर खुंट अजून जिवंत आहे, पुढच्या हंगामात त्याच्यावर पुन्हा बांधा. कारागिराची भाषा अशी असते. तिच्यात खेद असतो, पण हात रिकामा नसतो. ‘फेल गेलं’ असं म्हटलं की खेद तेवढा राहतो आणि हाताला काम मिळत नाही.

३ जून २०२० ची दुपार तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिली आहे. निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर जमिनीला लागलं. ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाचा वारा काही तास या आगरांवर वाहत होता. नारळी-पोफळीच्या बागेला आपण आगर म्हणतो आणि तुमच्या गावाच्या नावातच ते आगर आहे. पोफळीचं खोड बारीक, मुळं उथळ. ती उभीच्या उभी मोडली. त्यानंतर काही दिवसांनी मी इथे आलो होतो तेव्हा लोक बोलत होते ते नीट ऐकत होतो. “छप्पर उडालं. बाग आडवी झाली. लाईट गेली. रेंज गेली. आंबा मुळापासनं उपटला.” कुणाच्याही तोंडी मी ‘आम्ही संपलो’ ऐकलं नाही. आडवी झालेली बाग उभी करायची असते, उडालेलं छप्पर घालायचं असतं, गेलेली लाईट यायची असते. नव्यानं लावलेल्या पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, हे माहीत असूनही लोकांनी त्याच पावसाळ्यात रोपं लावली. त्यांच्या बोलण्यातच ती रोपं आधी लागली होती, असं मला वाटतं.

‘लाईट गेली’ याच्यापाशी क्षणभर थांबा. आपल्याकडे वीज, नजर, आवाज, वाचा, पत, सगळं जातं. जे गेलं ते परत येण्याची शक्यता या क्रियापदात असते. चक्रीवादळानंतर लाईट यायला आठवडेच्या आठवडे लागले, पण तेवढे दिवस लोक ‘अजून आली नाही’ असंच म्हणत राहिले.

*

सरांचं पाचवं वाक्य हृदयाचं होतं आणि त्याचं उत्तर आम्हा कुणालाच आलं नाही. आम्ही सगळ्यांनी ‘हृदय बंद पडलं’ असं लिहिलं. सरांनी ते खोडलं नाही, पण बरोबरची खूणही केली नाही. त्या वाक्यानं पुढे मला आयुष्यात गाठलं.

डॉक्टर ज्याला ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात, त्यात हृदय थांबलेलं नसतं. शरीराला जेवढ्या रक्ताची गरज असते तेवढं ते पुढे ढकलू शकत नाही. पायांवर सूज येते, झोपताना दम लागतो, उशा वाढवाव्या लागतात. औषधं, मीठ कमी करणं, रोज वजन पाहणं यांनी असे कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. आपल्याकडे मात्र ‘हार्ट फेल झालं’ याचा अर्थ माणूस गेला. माझ्या घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंना हे निदान झालं तेव्हा दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये नुसता तो शब्द कानांवर पडला आणि घरातली दोन माणसं मटकन खाली बसली. खोलीत बाई चहा मागत होत्या.

त्या वेळी कुणी ‘हृदयाची ताकद अपुरी पडते आहे’ असं म्हटलं असतं तर? हे भाषांतर पुस्तकी सजावटीसाठी सुचवत नाही. त्या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थच अपुरं पडणं हा आहे. वैद्यकानं तो जुना अर्थ जपला आणि आम्ही त्यावर परीक्षेचा धाकटा अर्थ लादला. किडनीचंही तसंच. किडनीचं काम घटतं, बऱ्याच टप्प्यांनी घटतं आणि त्या प्रत्येक टप्प्यावर करण्यासारखं काहीतरी असतं. आज इथे आरोग्याचं काम करणाऱ्या भगिनी बसल्या आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना ‘फेल’च्या जागी ‘अपुरं पडतंय’ म्हणा. अपुरं पडणाऱ्याला पुरवठा करता येतो, हे प्रत्येकाला कळतं.

*

आता शाळेकडे येतो, कारण या शब्दानं सर्वांत खोल जखम तिथे केली आहे.

‘नापास’ हा शब्द कसा बनला पाहा. ‘पास’ इंग्रजी आणि ‘ना’ फारसी. नाराज, नापसंत, नालायक या शब्दांमधला तोच हा ‘ना’. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तिला बसलेल्यांपैकी बहुतेक जण नापास झाले होते. उत्तीर्ण झालेल्या मूठभरांमध्ये महादेव गोविंद रानडे होते. म्हणजे आपल्या परीक्षांचा इतिहासच नापासांच्या बहुमतानं सुरू झाला. तेव्हापासून हा शब्द मराठीत आला तो कायमचा. त्याच्या भोवती केवढी शब्दसंपत्ती जमली! उडाला, आपटला, गटांगळ्या खाल्ल्या, दांडी गुल झाली. माझ्या पिढीत ‘ऑक्टोबरला बसला’ याचा अर्थ सगळ्या गावाला कळायचा.

पण ‘नापास’ आला तेव्हा मराठी वाक्याची एक जुनी सवय मोडली. मराठीत न जमलेल्या गोष्टीचा दोष सहसा माणसाला थेट चिकटत नाही. ‘त्याला जमलं नाही’, ‘तिच्या हातून झालं नाही’, ‘त्याचा नेम हुकला’. वाक्यातला कर्ता नेम असतो, काम असतं, आणि माणूस ‘त्याला’, ‘तिच्या हातून’ असा थोडा बाजूला उभा असतो. ‘तो नापास झाला’ म्हटलं की माणूस थेट मधोमध येतो. लगेच त्याचं विशेषण होतं : नापास मुलगा. मग नाम होतं : नापासांची बाकं. एका विषयात कमी पडलेलं पोर अशा रीतीनं एका वेगळ्याच जातीत ढकललं जातं.

‘अपयश’ या आपल्या शब्दातही हा धोका आहे. संस्कृतात यश म्हणजे कीर्ती, आणि अपयश म्हणजे दुष्कीर्ती, लोकांत नाव खराब होणं. काम झालं की नाही, हा या शब्दाचा मूळ प्रश्नच नाही. लोक काय म्हणतील, हा त्याचा प्रश्न आहे. आपल्या घरांत निकालाच्या दिवशी जे रडणं होतं, त्यातलं अर्धं या जुन्या अर्थाचं असतं. सफल आणि विफल हे शब्द मला अधिक जवळचे वाटतात, कारण त्यांच्यात फळ आहे आणि फळाला हंगाम असतो.

आणि मग ‘उत्तीर्ण’. हा शब्द ‘तॄ’ या धातूवरून आला. तरणं, तारणं, तारू हे त्याचेच भाऊबंद. उत्तीर्ण म्हणजे पाणी ओलांडून पलीकडच्या तीराला लागलेला. कोकणात होडीनं खाडी ओलांडायच्या जागेला ‘तर’ म्हणतात. आजही दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट जाते. बोट सुटली आणि तुम्ही धक्क्यावर राहिलात, तर तुम्ही कोण? अनुत्तीर्ण. या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच आहे की तो अजून अलीकडच्या काठावर आहे. त्याच्या हातात पिशवी आहे, तो पुढच्या बोटीची वेळ विचारतो आहे. धक्क्यावर राहिलेल्या माणसाला बुडालेला म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

बुडणं म्हणजे काय हे या किनाऱ्याला शिकवावं लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या आठवणी रायगडच्या घरांत अजून आहेत. म्हणून इथे तरी पेपरात कमी गुण मिळालेल्या मुलाला ‘वर्ष बुडालं’ म्हणताना जीभ जरा अडखळली पाहिजे.

शासनाला आणि परीक्षा मंडळाला हे अगदीच कळलं नाही असं नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं आठवीपर्यंत मुलांना मागे ठेवणं थांबवलं. २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला ती मुभा राज्यांना परत मिळाली. जुलै २०१५ पासून दहावीच्या फेरपरीक्षेसाठी ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे राहिलेला विषय सुटला तर वर्ष वाचतं. मंडळानं गुणपत्रिकेवरचा ‘अनुत्तीर्ण’ हा शेरा काढून ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेराही आणला. हेतू चांगला आहे आणि मी त्याचं स्वागत करतो. पण मुलं हुशार असतात. शब्द बदलला तरी आपल्याकडे बघणारी नजर बदलली का, हे त्यांना लगेच कळतं. पुढची बोट खरोखर लागणार असेल, कुणी गणित घेऊन शेजारी बसणार असेल, तर जुना शब्दही बोचत नाही. ती सोय नसेल तर नवा शब्दही थोड्याच दिवसांत शिवी होतो.

*

आतापर्यंत मी मराठीची बाजू मांडली. आता मराठीच्या विरुद्ध बोललं पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

सरांचं सहावं वाक्य होतं : त्यानं पत्र लिहायला हवं होतं, त्यात तो ‘फेल’ झाला. आम्ही उत्तर दिलं, “त्याचं पत्र लिहायचं राहून गेलं.” सर म्हणाले, “भाषांतर सुंदर आहे. पण खरं आहे का? पत्र आपोआप राहून गेलं, की त्यानं लिहिलं नाही?”

त्या प्रश्नाची धार मला अजून जाणवते. जे व्याकरण पोराला जपतं, तेच व्याकरण मोठ्या माणसाला लपवतं. ‘राहून गेलं’, ‘झालं नाही’, ‘जमून आलं नाही’, ‘लक्षात आलं नाही’. वाक्यात माणूसच नाही, मग जबाब कुणाला विचारायचा? आणि वर्तमानपत्री मराठीनं यावर एक जड पांघरूण घातलं आहे. ‘प्रशासन उपाययोजना करण्यात अपयशी ठरले.’ इंग्रजी वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा उचलून आणलेलं हे वाक्य. त्याचं साधं मराठी ‘उपाय केले नाहीत’ असं आहे. तीन शब्द, आणि ते झोंबतात, म्हणूनच टाळले जातात. गंमत अशी की सरकारी नोटिशीला हे बरोबर कळतं. नागरिकानं मुदतीत पैसे भरले नाहीत तर ती ‘कसूर केल्यास’ असं लिहिते. कसूर करणारा माणूस असतो, म्हणून दंडही बसतो. हा शब्द दोन्ही बाजूंना लागू झाला पाहिजे.

या गावात हे बोलताना एक गोष्ट टाळणं मला शक्य नाही. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी इथल्या एका पोफळीच्या बागेत जमिनीखाली तांब्याची पेटी सापडली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा. सगळा महाराष्ट्र दर्शनाला लोटला, गावात घरगुती खाणावळी, राहण्याच्या सोयी उभ्या राहिल्या. २४ मार्च २०१२ च्या पहाटे मंदिरावर दरोडा पडला, मुखवटा नेला आणि पहाऱ्यावरचे दोघे जण मारले गेले. सोनं वितळवलं गेलं होतं. पुढे जे हाती लागलं त्यातून मुखवटा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची पुन्हा स्थापना झाली.

त्या घटनेनंतर ‘सुरक्षा यंत्रणा अपयशी ठरली’ हे वाक्य मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं. त्या वाक्यानं मला कायम अस्वस्थ केलं. त्या रात्रीची सुरक्षा म्हणजे शेवटी ती दोन माणसं होती. त्यांना ‘अपयशी’ म्हणायचं? ती आपल्या जागेवर होती, जागेवरच मेली. त्यांच्यापाशी काय असायला हवं होतं आणि काय दिलं नव्हतं, हा वेगळा प्रश्न आहे. तो विचारायचा तर कर्ता असलेलं वाक्य लागतं. एक ठोकळेबाज शब्द वापरला की मेलेल्यांवर डाग पडतो आणि जिवंतांची सुटका होते. म्हणून सांगतो, शब्द नेमका निवडणं हा भाषेचा छंद नाही. तो न्यायाचा भाग आहे.

तेव्हा मी सरांकडून एक नियम घेतला. धाकट्याविषयी, दुबळ्याविषयी, आजाऱ्याविषयी बोलताना काय राहिलं ते सांगावं. स्वतःविषयी आणि सत्ता हातात असलेल्यांविषयी बोलताना कुणी केलं नाही ते सांगावं.

*

सातवं वाक्य होतं, ‘विदाउट फेल’ ये. त्याचं उत्तर सगळ्यांना आलं : न चुकता ये. आठवं होतं, शब्द मला ‘फेल’ होतात. कुणीतरी म्हणालं, “शब्द सुचेनात.” नववं होतं, दिवा पेटायला ‘फेल’ झाला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “दिवा पेटेना.”

सर खूश झाले. त्यांनी ‘पेटला नाही’ आणि ‘पेटेना’ हे दोन शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि विचारलं, “फरक काय?” आम्हाला सांगता येईना. सर म्हणाले, “पहिल्यात खोली रिकामी आहे. दुसऱ्यात कुणीतरी काडेपेटी घेऊन बसलंय.”

इंग्रजीला ज्यासाठी एक अख्खं क्रियापद लागतं, ते मराठीनं एका प्रत्ययात बसवलं आहे. पेटेना, उघडेना, सुचेना, चालवेना, उठवेना. मोरो केशव दामल्यांच्या व्याकरणापासून अभ्यासकांनी अशा रूपांचा विचार केला आहे, पण त्यातली माया मला त्या संध्याकाळी समजली. या रूपात प्रयत्न चालू असतो. ‘गणित सुटलं नाही’ म्हणणाऱ्यानं वही मिटलेली असते. ‘गणित सुटेना’ म्हणणाऱ्याच्या हातात पेन्सिल असते.

राहिलं दहावं वाक्य. ते सगळ्यांत लहान होतं, दोनच शब्दांचं : ‘ही फेल्ड.’ मी उठून म्हटलं, “तो नापास झाला.” आणि मग आठवलं की तो शब्द वापरायचा नाही. दुसऱ्यानं ‘तो हरला’ म्हटलं, तिसऱ्यानं ‘त्याला जमलं नाही’. सर मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, “याचं मराठी होत नाही. आधी विचारा, तो काय करायला गेला होता? ते कळलं की क्रियापद आपोआप येईल. ते न विचारता जो उत्तर देईल त्याला मराठी येत नाही.”

त्या रात्री घरी जाताना मला आत्या आठवली. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण तिनं आधी विचारलं होतं, “सगळ्यात?” आणि मगच क्रियापद निवडलं होतं. ऑक्टोबरमध्ये माझं गणित सुटलं. निकाल सांगायला गेलो तेव्हाही ती सुपाऱ्याच सोलत होती. म्हणाली, “झालं ना? आता हे एवढं उचलून आत ठेव.”

दर वर्षी दहावीचा निकाल लागतो. या सभागृहात बसलेल्या कुणाच्या तरी घरी त्या दिवशी एखादं पोर दारात उभं राहील आणि तो शब्द उच्चारेल. तुम्ही सरांचे विद्यार्थी असाल, किंवा आज इथे येऊन झाला असाल, तर त्याला आत घ्या, पाणी द्या आणि विचारा, “काय राहिलं?” उत्तर आलं की त्या विषयाचं पुस्तक काढा. सरांची आठवण जपण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.